मंडळाची शपथ

प्रिय गजा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. जिवंत होतास तेव्हा गरजच पडली नाही, कुंपणाशी उभं राहून हाक मारली की पलीकडून "काय रं?" यायचं. भादव्यातल्या गणपतीच्या आधी तू गेलास आणि या गावात माझ्याशी फुटबॉलचं बोलणारा माणूसच उरला नाही. घरात विषय काढला की आमची ही टीव्हीचा आवाज वाढवते.

तर बातमी ऐक. अर्धा हंगाम संपला आणि आपलं मंडळ तालुक्याच्या लीगमध्ये पहिलं आहे. हसू नकोस, खरंच पहिलं! अजून एकही सामना हरलेलो नाही. माघी गणपतीसाठी लीगला सुट्टी आहे, म्हणून जरा टेकलोय.

पण नुसती बातमी द्यायला कागद घेतलेला नाही. काल तुझ्या महेशने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्या पोराशी धडधडीत खोटं बोललो. कुणामुळे? तुझ्यामुळे!

ते सांगतो. आधी संघाचं ऐक, नाहीतर तू मध्येमध्ये तेच विचारत बसशील.

भातकापणी झाली आणि नेहमीसारखे तीन खाचरांचे बांध फोडून मैदान केलं. यंदा बचाव असा काही उभा राहतोय की चेंडू आपल्या गोलापर्यंत येतच नाही. गोलकीपर परवा कंटाळून खांबाला टेकून उभा होता. दोन-शून्यने पुढे असताना शेवटच्या दहा मिनिटांत सामना घालवायची आपली जुनी खोडही गेली. पोरं घाई करत नाहीत. चेंडू मागे देतात, श्वास घेतात, पुन्हा पुढे जातात. तू असतास तर "मागं कशाला देतंस रं भाड्या!" म्हणून ओरडला असतास, आणि तुझं चुकलं असतं.

एवढं असूनही आनंद होतो का? खरं सांगू? नाही होत रे. थकलोय मी. अर्ध्या हंगामापर्यंतचं सुख आपण काय कमी वेळा पाहिलंय? एकदा गोलकीपरला बोटीवर नोकरी लागली आणि तो फाल्गुनातच निघून गेला. एकदा तर आपणच शहाणे! आपला अर्धा संघ हळदीला रात्रभर बँजो पार्टीत वाजवतो हे साऱ्या तालुक्याला ठाऊक, आणि आपण उपांत्य सामना घ्यायचं कबूल केलं ते कप्तानाच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी! सेंटर फॉरवर्डच्या बोटांना हळद आणि डोळ्यांत झोप. पाच गोल खाल्ले. तेव्हापासून खाडीपलीकडचे आपल्याला "माघात वाघ, वैशाखात शेळी" म्हणतात, आणि म्हणू देत, खोटं काय आहे त्यात? चाळीस वर्षं झाली, मंडळाच्या कपाटात एक कप नाही. म्हणून हल्ली कुणी "काका, यंदा नक्की!" म्हटलं की मी नुसता हो हो करतो आणि वाडीत शिंपणं करायला निघून जातो.

पण यंदाचा हा बचाव उभा कुणी केला, ते तुला सांगायलाच हवं. तुझ्या महेशने.

तुझं तेरावं झालं आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी तो बांधावर येऊन उभा राहिला. हातात बूट, मान खाली. शेवटी मीच म्हटलं, "उभा काय ऱ्हायलास? ये आत." आता पस्तिशी गाठली त्याने. पाय जड झालेत, पळता येत नाही. मागे उभा राहतो आणि सबंध वेळ पोरांना जागा दाखवत बोलत असतो. तोंड तुझंच घेतलंय. फरक एवढाच, की त्याचं पोरं ऐकतात.

गजा, आठ वर्षं तू या पोराशी बोलला नाहीस. का, तर खाडीपलीकडच्यांनी त्याला जेटीवर काम लावून दिलं आणि तो त्यांच्याकडून खेळायला लागला! घरात लहान मूल, हाताला काम नाही, काय करणार होता तो? तू मात्र "मला पोरगा न्हाय" म्हणून मोकळा झालास. नातवंडांना दुसऱ्यांच्या लग्नात लांबून बघायचास. काय मिळवलंस रे? आणि मी तरी काय केलं? तुला एकदा कानफटात वाजवायला हवी होती, ती वाजवली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

वर तुझा कावा! "अलिबागला पार्ट आणायला जातो" असं घरात सांगून तुझी सहा आसनी रिक्षा काढायचास, मला शेजारी बसवायचास आणि थेट खाडीपलीकडे. सुरूच्या बनामागे गाडी लावून आपण दोघं चोरासारखे त्याचा खेळ बघायचो. एकदा ते आपल्याच मंडळाशी खेळत होते, बरोबरी चालली होती, आणि महेशने पंचवीस पावलांवरून असा मारला की आपला गोलकीपर हललासुद्धा नाही. आपण स्पर्धेबाहेर! मी डोक्याला हात लावला. आणि तू? तू टाळ्या वाजवत होतास. "बग कसा मारलान! माजा पोरगा हाय त्यो!" गालावरून पाणी वाहत होतं तुझ्या.

मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि मनगट धरलंस. "कुनाला सांगायचं न्हाय. त्याला तर न्हायच न्हाय. शपथ घे." मी म्हटलं, तुझी शपथ. तर म्हणालास, "माजी नको, ती तू मोडशील. मंडळाची घे. सांगितलंस तर मंडळाला कदी कप मिळनार न्हाय!" आणि मी घेतली! वेडा मी, तुझ्याहून वेडा.

तू "सुटली" म्हटलं असतंस तर सुटलो असतो. शेवटच्या आठवड्यात उशाशी बसून मी वाट बघत होतो. दोनदा विषयही काढला. तू भिंतीकडे तोंड केलंस.

आणि काल. सराव संपला, महेश माझ्याजवळ बांधावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. सहज विचारावं तसं म्हणाला, "काका, एक इचारू? मी तिकडं गेल्यावर बाबा कदी माजा खेळ बगायला आल्ते का वो?"

डोळ्यांपुढे गुणतक्ता होता, वरून पहिलं नाव आपलं. म्हटलं, "मला न्हाय बा माहीत."

"बरं," म्हणाला. एवढंच. बुटाची माती काठीने काढत राहिला. माती कधीच निघाली होती, तरी काढत राहिला.

लाज वाटली रे मला. सामन्याच्या दिवशी घालायचा शर्ट दिवाळीपासून धुऊ दिलेला नाही, का, तर नशीब वाहून जाईल! ही तो चिमटीत धरून दोरीवर टाकते. असल्या माणसाला शपथेची भीती वाटणार नाही तर काय? तरी आपण तळाला असतो तर ही शपथबिपथ मी हसण्यावारी नेली असती. पण आपण पहिले आहोत, गजा! माझे गुडघे गेलेत, डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. असा हंगाम मला पुन्हा दिसेल? चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हाताशी आलंय, आणि तू मला या पेचात टाकून खुशाल निघून गेलास.

रात्रभर तळमळलो. सकाळी उठून ठरवलं.

येत्या रविवारी सामना आहे. तो सुरू व्हायच्या आधी मी महेशला बाजूला घेणार आहे आणि सगळं सांगणार आहे. सुरूचं बन, टाळ्या, गालावरचं पाणी, सगळं. सामना झाल्यावर सांगू, हंगाम संपल्यावर सांगू, असा विचारही मनात आला होता. पण तसं केलं तर ते कप वाचवून उरलेलं सांगणं होईल. तुझ्या पोराला उरलंसुरलं आपण पुष्कळ दिलं.

त्यानंतर हरलो तर हरलो. कपाट चाळीस वर्षं रिकामं आहे, अजून राहील. हा माझा शब्द, गजा, आणि याला कुणाची शपथ नको.

तुझा,
दत्तू