गेटबाहेर

शनिवार, संध्याकाळ. वाशी.

गेल्या महिन्यात खेळाच्या सरांच्या टेबलावर जर्सी फेकली, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. भांडण एवढंच, की कॉलेजच्या फुटबॉल मॅच तालुक्याच्या स्टेडियमवर कशाला? तिथं कुत्रंही फिरकत नाही. आपल्या मैदानावर खेळलो की सगळं कॉलेज पायऱ्यांवर बसतं. म्हणजे सुनीता बसते. खरं कारण तेवढंच, पण सरांना कसं सांगणार? कॉलेजच्या इज्जतीवर भाषण ठोकलं. सर म्हणाले, "मग नको खेळूस." मी कॉलेजच सोडलं. दुसऱ्या वर्षात! असं कोण सोडतं?

आज मॅच कॉलेजातच झाली. माझं ऐकलं, पण मी गेल्यावर. गेटवर वॉचमन मामा म्हणाले, "आयकार्ड दाखव."

"मामा, मला वळखत न्हाय व्हय?"

"लई वळखतो. म्हणूनच मागतो."

स्टेडियमवर असती तर कुणी अडवलं नसतं. तिथं कुणीबी घुसतं.

बाहेरूनच, गेटच्या गजांतून पायऱ्या दिसत होत्या. सुनीता तिसऱ्या पायरीवर. माझ्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या गोलकीपरनं बॉल अडवला, तशी ती उठून टाळ्या वाजवायला लागली. माझ्या वेळीही अशीच उठायची. तिसऱ्याच पायरीवरून. मग त्या टाळ्या माझ्या होत्या, का जो कुणी गोलमध्ये उभा राहील त्याच्या?

घरी आलोय, पण आत्ताच सरांच्या घरी जातो. माफी मागायला का पुन्हा भांडायला, तिथं गेल्यावर कळेल. आई म्हणतेय, "जेवून तरी जा रं." नको. निघालो, दार ओढून घेतो.