आईचे चांदीचे कप

माह्या रुसलेल्या कौसे,

पाहुण्यांच्या गाडीतून सगळ्यात आधी उतरली मुलाची आजी, उंद्रीची देशमुखीण. नथ केवढी बाई! माह्या नातीले, अपेक्षाले, पाह्याले मुलाकडचे आले होते. म्या आईच्या माहेरचे चांदीचे कप काढले. चांदी लगेच तापते हे इसरलीच! देशमुखिणीचा ओठ पोळला. पण ती हसली, चहा बशीत ओतून फुर्रकन पेली. म्हणे, "चांदीतला चहा असाच प्यावा लागते, सासूनं शिकवलं." पोरगी पसंत!

कौसे, ते कप आईनं तुले देले होते. चोरी गेले सांगून म्याच दडवले. हे पत्र टाकाले हात धजत नाही. पण तू ये, तुह्ये कप घेऊन जाय. पाहुणे सुपारी फोडाले गुरुवारी येतो म्हणून गेले.

तुही बहीण,
पारबती