दोन बायका, एक आवाज

७ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाय बरा आहे, पण डॉक्टरांनी रोजचे जिने बंद केले. म्हणजे हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरची माझी नोकरी संपली. घरात बसून मी भिंतींशी बोलते. हे म्हणतात, भिंतींची तरी दया कर.

पण काम सापडलंय. पेपरात जाहिरात होती, घरबसल्या पेनं जोडा. सुटे भाग तेच पाठवणार, तयार पेनं तेच नेणार. आधी फक्त अनामत भरायची. ती माझ्या शिलकीतून भरीन म्हणते. तुझं मत लगेच कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ माझ्या पायासारखा लंगडू देऊ नकोस.

तुझी,
मैना

१२ ऑगस्ट

चि. मैनास अ. उ. आ.

लहानपणी तू माझं पेन साफ करायला घेतलंस, त्याची स्प्रिंग अजून सापडलेली नाही. अशा हातांत पेनं देणारी कंपनी एक तर भोळी असेल नाही तर लबाड. आणि भोळी माणसं अनामत मागत नाहीत. कारखान्यात इतकी वर्षं खरेदी बघून मला एवढंच कळलंय, की काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

तुझा हिरमोड करायचा नाही. त्यांचा पत्ता माग, जावईबापूंना बघून येऊ दे. ज्यांना खरंच पैसे मिळाले अशा दोघींचे नंबर माग, स्वतः बोल. तोवर शिलकीला हात लावलास तर मी पेनं जोडायला तिकडे मुक्कामाला येईन. माझं घोरणं तुला ठाऊक आहे.

कळावे, रुसू नये.

दादा

२१ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

त्या पत्त्यावर ह्यांना सायकलदुरुस्तीचं दुकान सापडलं. दुकानदाराने कंपनीचं नावही ऐकलं नव्हतं. तरी माझा जीव त्या पेनांत अडकलेला. सकाळी पहिल्या बाईंना फोन लावला, आवाज गोड, त्यांनी पेनं जोडून मुलीचं लग्न केलं म्हणे. दुपारी दुसरीला लावला. हिचा आवाज जाडा, मधेमधे खोकला, आणि हिने घर बांधलेलं. पण ‘अगदी’ म्हणताना दोघीही शेवटचा ‘दी’ गिळत होत्या. बोर्डावर बसून मी माणसं आवाजावरूनच ओळखायला शिकले रे. सरळ विचारलं, “बाई, सकाळी माझ्याशी तुम्हीच बोललात ना?”

 मग ती हळूच म्हणाली, “ताई, पैसे भरू नका,” आणि फोन ठेवला. खोकला गेला होता.

मला राग यायला हवा होता, आला नाही. तीही घरबसल्या मिळेल ते करत असणार, असंच वाटत राहिलं. मग मी इतकी गप्प झाले की हे घाबरून ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. मी बोलत नाही म्हणजे दात दुखत असणार, असा ह्यांचा तर्क. तिथे फोन सारखा वाजत होता, डॉक्टरांचे हात पेशंटच्या तोंडात. हे परत आले ते काम घेऊनच. दवाखान्याचे फोन आता घरी वळवायचे आणि पेशंटना वेळा मी द्यायच्या. घेऊ का?

माया असावी.

मैना

२६ ऑगस्ट

चि. मैनास अ. उ. आ.

घे. पण डॉक्टर हसून बोलतात म्हणून भुलू नकोस, दात दाखवणं हा त्यांचा धंदाच आहे. पगार, वेळ, सुट्टी सगळं लिहून घे. अनामत मागितली तर थेट मला कळव. तुला बोलण्याचे पैसे देणारं कुणी भेटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आम्ही फुकट ऐकत आलो.

जावईबापूंच्या तर्कशक्तीस नमस्कार.

दादा

४ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं लिहून घेतलं. पहिला पगार झाला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनीही विचारलंय. दोन दवाखाने मला एकटीला झेपायचे नाहीत, म्हणून पेनांच्या त्या बाईचे दोन्ही नंबर फिरवून पाहिले. इतका गोड आवाज वाया जाऊ नये असं वाटलं. दोन्ही बंद झालेत. दोनदा लावून पाहिले.

आणि हो, सोमवारी तू दवाखान्याच्या नंबरावर गप्पा मारायला फोन केलास, तेव्हा मी तुला तुटक उत्तरं देऊन ठेवून दिला. वहिनी म्हणते तू फुगून बसलायस. अरे, दुसऱ्या लाइनवर एक आजोबा दाढदुखीने रडत होते. दादापेक्षा दाढ मोठी. आता कामाच्या वेळात फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. राग गेला असेल तर लगेच लिही, नसेल तर जरा मोठं लिही.

तुझी,
मैना