टब रिकामा केलाय

प्रिय सूनबाई,

कागदोपत्री तू आता माझी सून राहिलेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण या वयात तुझ्यासाठी नवी हाक कुठून आणू? तेव्हा चालवून घे. सकाळपासून हे पत्र लिहायला बसतेय. दोन ओळी झाल्या की उठते, बाथरूममध्ये जाऊन टबात डोकावते आणि परत येते. नळाखाली व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी पसरली आहेत, ती वाळू द्यायची नसतात. शिवाय एका जागी बसवतच नाही हल्ली. जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

हो, तोच आपला टब. लग्न होऊन आलीस तेव्हा तू केवढी हसली होतीस, की या घरातल्या टबात माणूस सोडून सगळं मावतं! तुझ्या सासऱ्यांनी तो मोठ्या हौसेनं बसवून घेतला आणि पहिल्याच आठवड्यात पाणी गेलं. मग त्यांनी तो काठोकाठ भरून ठेवला तो ठेवलाच. आधी पाणी, मग छत्र्या, गुंडाळलेले गालिचे, मोडका पंखा. टब असून सगळ्यांची आंघोळ कोपऱ्यातल्या शॉवरखाली. परवा मी ते सगळं एकटीनं उपसलं. कंबर अजून बोलतेय.

आत काय दिसलं म्हणतेस? कडेनं पाण्याची जाड रेघ आणि तळाला तपकिरी डाग. सोडा लावून घासायला लागले, तर डाग राहिले बाजूला, जो भाग पांढराशुभ्र होता त्याचेच पापुद्रे सुटायला लागले! आणि खालून डागांचं आख्खं खानदान बाहेर आलं. तुझ्या सासऱ्यांचा उद्योग, दुसरं काय. फाटकासाठी आणलेला तैलरंग उरला असणार, तो वाया जायला नको म्हणून डागांवर फासून मोकळे. आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते, की आमचे हे टबाचे काठ कसे लखलखीत ठेवतात! खूप हसले. मग तिथेच टबाच्या काठावर बसून रडलेसुद्धा. माणूस गेला आणि त्याचा रंग माझ्या नखांत अडकला.

रंग खरवडून झाला. तारेची घासणी वापरली नाही, तिनं ओरखडे पडतात आणि मळ पुन्हा तिथेच घर करतो. पाण्याच्या क्षारांची ती रेघ मात्र हट्टी. अगदी तुझ्या लेकीसारखी. फडकी ठेवायची, थांबायचं, हळूच घासायचं, पुन्हा ठेवायची. थांबणं हा माझा प्रांत नाही, तू जाणतेसच. तरी बरीचशी गेली आहे.

तिचा, आपल्या भिंगरीचा, फोन येतो मला, तुला माहीत असेल. पायाचं प्लास्टर निघालं पण गुडघा वाकत नाही, म्हणाली. डॉक्टरांनी रोज कोमट पाण्यात बसून पाय हलवायला सांगितलंय आणि तुमच्या बाथरूममध्ये पाय पसरायलाही जागा नाही. व्यायामाचं केंद्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तू तिला दोन बस बदलून आणतेस. आणून दाराशी न येता तशीच परत जातेस. परवा खिडकीतून पाहिलं मी तुम्हाला. ती कुबडीवर रेलून उभी होती आणि तू तिच्या केसांवरून हात फिरवत होतीस. एक क्षण जागची न थांबणारी पोर ती! मी हाक मारली नाही, सरळ जाऊन टब उपसायला घेतला.

त्याच दिवशी फरशीलाही हात घातला. ही फरशी म्हणजे माझा जीव की प्राण. दर आठवड्याला पॉलिश. आधी जुनं काढा हो आई, असं तू म्हणाली होतीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. गरम पाणी आणि सोडा टाकून प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं, तर काळ्या चिखलासारखा लगदा निघाला. मळावर पॉलिश, पॉलिशवर मळ, असा थरावर थर. आता खालची साधी, करडी फरशी दिसते. चमक नाही, पण कुबडी सरकत नाही. माझीच काठी जोरात टेकवून सगळ्या खोल्या फिरून बघितल्या.

हे सगळं चाललं असताना तो आला. माझा मुलगा. नेहमीसारखा आपल्या किल्लीनं दार उघडून, न कळवता. कोण येणार आहे, म्हणून विचारलं. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून तुमचं नाव घेतलं. त्यानं बादलीला लाथ मारली. काळं पाणी सगळ्या घरभर. मग तो बोलत राहिला, तेच सगळं, जे तो तुला बोलतो म्हणून तू मला सांगायचीस. आणि मी त्याची जन्मदाती, हातात फडकं घेऊन भिंतीला टेकून उभी. आई, भीती वाटते, असं तू म्हणायचीस. ती भीती कशी असते ते त्या दिवशी कळलं.

तो गेल्यावर फरशी पुन्हा पुसली आणि कुलुपवाल्याला बोलावलं. दाराचं कुलूप बदललंय. मुलाला फोन करून सांगितलं, की यापुढे भेटायचं तर मी बाहेर येईन, या घरी यायचं नाही. त्यानं फोन आपटला, तेव्हापासून त्याचा आवाज ऐकलेला नाही. पोटचा पोर आहे, तुटतं गं आत. तरीही केलं, आणि मागे घेणार नाही. गुडघा वाकेपर्यंत तरी तुम्ही दोघी इथे या. नव्या कुलपाला दोन किल्ल्या मिळाल्या. एक माझ्या कमरेला आहे. दुसरी याच पाकिटात आहे, ती तुझी.

तुझीच,
आई