खोटी साक्ष

आबा, मला जो आजार आहे त्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. बीडच्या डॉक्टरांनी आधी इंग्रजी नाव सांगितलं, ओसीडी, आणि मराठीत काय म्हणतात असं मी विचारल्यावर हे सांगितलं. मी ताडकन म्हणाले, "डॉक्टर, आम्ही ख्रिस्ती. आमच्यात मंत्र नसतात." शेवटी पाळकाची लेक, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना उपदेश करून मोकळी झाले. ते हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "बाई, दिवसातून किती वेळा तुम्ही 'प्रभू, क्षमा कर' म्हणता?" मोजायचं मी कॉलेजात असतानाच सोडून दिलं होतं.

ते वाक्य मला तुम्ही दिलेलं. मी चौदा वर्षांची असेन. प्रभुभोजनाचा रविवार होता, तुम्ही पांढऱ्या झग्यात उभे राहून भाकर मोडत होता, आणि नेमकी त्याच क्षणी वडवणीच्या स्टँडवर कानावर पडलेली एक घाण शिवी माझ्या मनात आली. आली ती आली, आणि प्रभूलाच जाऊन चिकटली. मी दचकून आजूबाजूला पाहिलं, कोणाला ऐकू तर गेली नाही ना म्हणून. त्यानंतर तुम्ही प्रार्थनेला डोळे मिटा म्हणालात की ती शिवी हजर. तीन दिवस मला घास गिळवेना. चौथ्या दिवशी तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून चहा पिताय, आई पाण्याला गेलीय, आणि मी सांगून टाकते. शिवी नाही सांगत, नुसतं म्हणते, प्रार्थनेत घाण विचार येतो. तुमची बशी ओठांपाशीच थांबते. "मनाचं दार उघडं कावून ठिवलं?" उपदेशात पुस्तकासारखं शुद्ध बोलणारे तुम्ही, राग आला की घरच्या बोलीवर यायचात. मग माझं तोंड पाहून तुम्ही वरमलात. मला जवळ बसवून म्हणालात, "रडू नकू. इचार आला की लगीच म्हणायचं, प्रभू, क्षमा कर. दर टायमाला म्हणायचं. एक बी सोडायचा न्हाई." आणि दर शुक्रवारी उपास सांगितलात. तो तुम्हीही माझ्याबरोबर धरलात, चहासुद्धा सोडून. चहा चुकला की तुमचं डोकं कसं ठणकायचं ते मला ठाऊक होतं. दुपारी कपाळाला फडकं बांधून तुम्ही पडून राहायचात, आणि माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो म्हणून मी आणखी दहा वेळा क्षमा मागायची.

औषध कडू असतं तर मी सोडलं असतं. हे गोड होतं. म्हटलं की घटकाभर जीव निवायचा, मग शंका यायची की मनापासून म्हटलं का? पुन्हा म्हण. म्हणताना मधेच तो विचार शिरला का? मग पहिल्यापासून म्हण. माझ्या भाकऱ्या करपायच्या आणि आई म्हणायची, हिचं ध्यान कुठं असतं देव जाणे. देव जाणतच असणार, पण त्यानंही काही सांगितलं नाही. लग्नात मी वचन द्यायला इतका वेळ लावला की पाहुण्यांना वाटलं, पोरीला मुलगा पसंत नाही. पुढे शाळेत नोकरी लागली तिथेही तेच. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी हजेरी घेताना मी तीनदा पहिल्या नावापासून सुरुवात केली, कारण नाव घेताना विचार आला तर त्या लेकराला पाप लागेल अशी भीती वाटली. चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा पोरं हसायची थांबली होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमी समदे हाय की." त्या दिवशी मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला बीडला नेलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांचं काही वाटलं नाही, गोळी ती गोळी. पण पुढचं ऐकून मी पर्स उचलली होती. म्हणाले, "विचार आला तर येऊ द्या. घाबरायला होईल, घाम फुटेल, तसंच बसून राहा. फक्त क्षमा मागू नका." ख्रिस्ती बाईला क्षमा मागू नको म्हणायचं! डॉक्टर स्वतः बौद्ध घरातले. माझा चेहरा पाहून शांतपणे म्हणाले, "तुमच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. तुमच्या पाळकांनाच विचारून या, एका चुकीची क्षमा किती वेळा मागायची असते." तुम्ही प्रभूकडे गेलात, आता आपल्या मंडळीला एक तरुण पाळक आहेत. मी भीत भीत विचारलं. ते सहज म्हणाले, "एकदा. पुन्हापुन्हा मागायची म्हणजे त्यानं पहिल्यांदा दिलीच नाही म्हणण्यासारखं आहे, बाई. आणि न बोलावता येतो तो विचार म्हणजे पाप कसं?" मी आपल्या ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. आबा, एवढं साधं उत्तर तुम्हाला का नाही सुचलं? तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहिलात, पण हे एवढं बोलला नाहीत. माझी तीस वर्षं गेली.

मी बरी होत गेले. एकदम नाही, रखडत, चार पावलं पुढे दोन मागे. आता सकाळी एकदा प्रार्थना करते आणि उठते. विचार अजून येतो. येतो, बसतो, जातो. पण खरं संकट मी बरी झाल्यावर आलं. बरं झालेल्या माणसानं मंडळीपुढे उभं राहून प्रभूनं काय केलं ते सांगायचं, ही साक्षीची रीत तुम्हीच इथे रुजवलीत. हंगामाच्या सणाला, नवं पीक अर्पण करतात त्या दिवशी, मी साक्ष दिली. म्हणाले, तीस वर्षं माझं मन आजारी होतं, प्रभूनं बरं केलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त बीड गाळलं, डॉक्टर गाळले, गोळ्या गाळल्या. पुढच्या बाकावर तुमच्या हाताखाली वाढलेली माणसं बसली होती. पाळकसाहेबांच्या लेकीला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, हे त्यांच्यापुढे माझ्या तोंडातून निघेना.

पंधरा दिवसांनी मंडळीतली एक बाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवरच बसली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी सारखे हात धुते, एवढं मला माहीत होतं. बीडच्या त्याच डॉक्टरांकडे ती जात होती हे माहीत नव्हतं. "बाई, तुमी किती उपास केलते?" तिनं विचारलं. "तुमची साक्ष ऐकून तिच्या बापानं गोळ्या बंद केल्यात. म्हणला, बाई बिनगोळीच्या बऱ्या झाल्या, हिला प्रभू कावून करनार न्हाई? लेकरू मोरीतून निघंना. हाताची सालटी गेली. चार दिस झालं, अन्न घाण हाय म्हणून खाईना." माझ्या गोळ्यांचं पाकीट फ्रीजवर होतं, तिच्या डोक्याच्या जरा वर. मी ते काढून तिच्या हातात दिलं. तिला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चारचौघांत मुस्काटात बसलेली परवडली.

तशीच तिच्या घरी गेले. मोरीत नळ चालू होता, मुलगी पाठमोरी होती, आणि तिची पाठ अगदी माझ्यासारखी वाकलेली होती. बाप दारात. त्याचा बाप्तिस्मा तुमच्या हातचा. त्याला सगळं सांगितलं, हात जोडले, मी चुकले म्हणाले. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "तुमी गोळ्या खाल्ल्या आसतील, बाई. पर पाळकसायब असते तर त्येनी खाऊ दिल्या असत्या का? त्येनी तुमाला काय सांगितलतं, तेवढं सांगा." नळ वाहत होता. खरं सांगितलं असतं तर ती पोरही माझ्यासारखी शुक्रवारच्या उपासाला लागली असती. मी म्हणाले, "आबांनीच मला पहिल्यांदा बीडला नेलं." त्यानं मान वळवून मोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंदिरात उभं राहून सांगा."

रविवारी उभी राहिले. पदर सारखा केला आणि म्हणाले, मी गोळ्या खाते, आज सकाळीही खाल्ली, मागच्या साक्षीत मी हे लपवलं. चुळबुळ झाली. मग पुढचं वाक्य मी ठरवलेलंही नव्हतं. "आबा मला एसटीत म्हणाले, प्रार्थना मी करतो, गोळी तू खा." म्हाताऱ्या बायांनी डोळ्याला पदर लावला. मागून कोणीतरी म्हणालं, "पाळकसायब असेच व्हते." सोमवारी बाप पोरीला स्वतः बीडला घेऊन गेला. अजून ती तासभर मोरीत असते, पण जेवते.

दहा आज्ञांतली 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा तुम्ही मला शाळेत जायच्या आधी पाठ करून घेतली होती. जे मी केलंच नाही त्याची मी तीस वर्षं क्षमा मागितली, आणि हे डोळे उघडे ठेवून केलं त्याची अजून एकदाही मागितलेली नाही. एकदा मागायला कोणाचीच हरकत नाही, ना डॉक्टरांची ना पाळकांची. पण मागायची तर आधी ते खोटं होतं असं म्हणावं लागेल. हा कागद पोस्टात पडणार नाही म्हणून तुम्हाला सांगते: बोलत होते तेव्हा मला दिसत होतं, बीडची एसटी, खिडकीपाशी चौदा वर्षांची मी, शेजारी तुम्ही. ते खोटं होतं असं मला एवढ्यात म्हणायचं नाही, आबा.