स्टुलाखालचं पाणी

१२ मे
आजपासून रोजनिशी. दोन निश्चय. एक, कुणाची थट्टा करायची नाही. दोन, फिदेन्सिओशी बोलायचं नाही. मेलेल्या नवऱ्याशी गप्पा मारणाऱ्या बाईला अमेरिका ग्रीन कार्ड देत नसणार.

आमच्या खेकड्याच्या कारखान्याचा मालक वॉल्ट साहेब म्हणाला, तोमासा, खेकडे सोलावेत तर तूच. दर नोव्हेंबरला तुझा व्हिसा संपतो, तुला मेक्सिकोला धाडायचं, मला कंटाळा आला. आता थंडीतही दक्षिणेचे खेकडे आणणार, तुला कायमची ठेवतो. आधी लेबर खात्याचा दाखला लागेल. त्यासाठी जाहिरात द्यायची. काम येणारा एकही अमेरिकन आला नाही तरच दाखला, मग पुढं कार्ड.

मी एवढी हसले की हातातली सुरी पडली. अमेरिकन? खेकड्यात हात घालायला?

कार्ड मला इथल्या खोलीतल्या हीटरसाठी हवंय, थंडीत ऊब मिळते. फिदेन्सिओ इथल्या खाडीत बुडाला, सापडला नाही, त्याचा काही संबंध नाही.

१३ मे, सकाळी
माझ्या स्टुलाखाली परत पाणी. छप्पर गळतंय. शेजारच्या स्टुलावरची चोना म्हणते, पाऊस कुठाय गं? आणि हे खारट कसं? चाखून बघितलंन बयेनं! नसत्या चौकशा.

९ जून
थट्टा केली. एकदाच. किराणा दुकानात गल्ल्यावर बसते ती डार्लीन, इथलीच, गोरी. म्हणाली, खेकडे काय, कुणीही सोलेल. म्हटलं, बाई, तुझी नखं बघून खेकडाच लाजेल. चिडली. म्हटलं, ये रविवारी आमच्या खोलीवर. आली! सोलायला बसवली, तर मांस कमी, कवचच जास्त. मी आणि चोना पोट धरून हसलो.

उद्यापासून थट्टा बंद.

२० जुलै
डार्लीन दर रविवारी येते. हट्टी आहे. शिकवते आपली, गंमत म्हणून. सुरी कुठं धरायची, मागचा पाय कुठं मोडायचा. फिदेन्सिओनं मला शिकवलेली युक्ती पण दाखवली. तो बघत होता. बोलले नाही. फक्त ‘सरक’ म्हटलं.

१८ ऑगस्ट
जाहिरात लागली. दोन रविवार पेपरात, शिवाय कारखान्याच्या दाराशी नोटीस. तासाला तीन पौंड मांस काढणारी पाहिजे. साहेबाच्या वकिलीणबाईनं फोनवर बजावलं, तोमासानं भरतीत नाक खुपसायचं नाही. मी कशाला खुपसू? मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून डार्लीनला म्हटलं, नोटीस वाचून दाखव. तिनं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा सावकाश.

२९ ऑगस्ट
अर्ज शून्य. गावच्या घराची किल्ली नणंदेला देऊन टाकायची ठरवली. म्हटलं नव्हतं मी?

४ सप्टेंबर
एक अर्ज. डार्लीन.

तिचं किराणा दुकान बंद होतंय म्हणे. साहेबानं सोलायला बसवली. तासात साडेतीन पौंड. मागचा पाय अगदी माझ्यासारखा मोडला. साहेबानं टोपी काढली. म्हणाला, काम येणारी बाई दारात आली, तिला नाही म्हणता येत नाही, कायदा आहे. तुझा दाखला इथंच थांबला. जागा तिची.

मी रडले नाही. खेकड्याचा मसाला डोळ्यात गेला.

डार्लीन म्हणाली, रागावलीस? म्हटलं, नखं आता बरी दिसतात तुझी.

२ नोव्हेंबर
आमच्या मेक्सिकोतला मेलेल्यांचा दिवस, मेलेले घरी येतात. खाडीपासून माझ्या स्टुलापर्यंत झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, त्याला वाट सापडावी म्हणून. गावाकडं टाकून उपयोग नाही. तो एवढ्या लांब कसा यायचा? त्याच्याकडं कुठं पासपोर्ट?

दुसरा निश्चय मोडला. म्हटलं, बारा तारखेला निघते मी. माझ्यामागून गपचूप बसमध्ये चढ. तुला कोण तपासतंय?

६ डिसेंबर, गाव
घर कोरडं. खाटेखाली, चुलीपाशी, उंबऱ्यात, सगळं कोरडं. रोज सकाळी हात फिरवून बघते. धूळ असते म्हणून.

डार्लीनचा फोन आला. साहेबानं नवं छप्पर घातलंय, तरी मी बसते त्या तुझ्या स्टुलाखाली रोज सकाळी पाणी, कुठून येतं गं?

विचारलं, माझा निळा ॲप्रन घालतेस का?

हो म्हणाली. खुंटीवरच होता.

म्हटलं, पुसून घेत जा. ओरडू नकोस.

मेल्या, बायकोची पाठ तरी ओळखायचीस.