उन्हात ठेवलेले सेल

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. हे मराठीत लिहिते आहे, कारण पत्र लिहायचं तर मराठीतच, हा तुमचा हट्ट. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराला भाषेवरून सभा व्हायच्या आणि तुम्ही पहिल्या रांगेत असायचात. घरी येऊन आईशी भांडायचात ते मात्र आपल्या पेडण्याच्या बोलीतच.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आपलं वर्कशॉप होतं. खाणीवरच्या ट्रकांचे आणि नदीतून मुरगावला खनिज नेणाऱ्या बार्जींचे सुटे भाग तुम्ही हाताने चालवायच्या मशीनवर करायचात. मग पुण्यातला एक कारखाना बंद पडला आणि तिथलं जुनं सीएनसी मिलिंग मशीन तुम्ही घेऊन आलात. आकडे भरले की आपोआप लोखंड कापणारं. घाट उतरून ट्रक आला तेव्हा शेजारच्या शेडवाल्याने तोंडावर सांगितलं, "भंगार हाडलंस रे!" तुम्ही मात्र माझ्याकडे वळलात. मी नुकती मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी आले होते. "बाये, ह्यां सुरू जातलां मगो?" हे चालू होईल ना, असं तुम्ही भावाला न विचारता मला विचारलंत, या आनंदात मी पुढचे कित्येक दिवस धड जेवलेही नाही.

केवढं काम होतं ते! तेलाच्या नळ्या चिकट गाळाने तुंबलेल्या, पॅनेलमध्ये पालींची अंडी, स्विचांवर गंज. मी मशीनच्या पायांखाली पट्ट्या सारून ते समपातळीत आणते आहे, तुम्ही शेजारी उकिडवे बसून लेव्हलच्या नळीतला बुडबुडा बघता आहात आणि श्वाससुद्धा रोखून धरता आहात. डिचोलीची वीज दुपारी इतकी मंद व्हायची की मशीन मध्येच रुसायचं. स्टॅबिलायझर बसवला. पडद्यावरचा बिघाडाचा एकेक अलार्म गेला. आणि एका सकाळी मशीनचं टेबल आपणहून सरकत आपल्या ठरलेल्या जागी जाऊन थांबलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला ते पुरलं होतं.

पहिला भाग कापायचा तो खंडेनवमीला, आयुधांची पूजा झाल्यावर, असं ठरलं. नेमकी आदल्या संध्याकाळी मी बाहेरची झाले. आईने सांगितलं, "चार दिस थंय पाय घालू नको." मी घराच्या मागच्या पडवीत बसले. तुम्ही मात्र दरवर्षीसारखं प्रत्येक मशीन रॉकेलने पुसून लख्ख केलंत, आणि नव्या मशीनचा मेन स्विच बंद करून त्याच्या पोटातले सेलही काढलेत. विजेरीत असतात तसलेच मोठे सेल. पावसाळ्यात सेलांना पाणी सुटतं म्हणून रेडिओचे, विजेरीचे सेल काढून उन्हात ठेवायची तुमची जुनी खोड. त्याने सेल ताजे होतात, अशी तुमची पक्की समजूत. ते सगळे सेल घरी आणून तुम्ही मी बसले होते त्याच पडवीच्या कठड्यावर ओळीने मांडलेत. मला वाटलं, विजेरीचेच असतील.

वीज बंद असताना मशीनची सगळी आठवण त्या सेलांवर टिकून असते, बाबा. कुठला भाग किती सरकायचा, कुठे थांबायचं, सगळे आकडे पुसले गेले. पूजेच्या दिवशी पाहुण्यांसमोर नारळ फुटला, स्विच दाबला आणि मशीन नुसतं अलार्म दाखवत राहिलं. तुम्ही सगळ्यांना कारणही सांगून टाकलंत: माझा विटाळ झाला. भटाला पुन्हा बोलावून मशीनवर गोमूत्र शिंपडलंत, अगदी बटणांवरसुद्धा. चौथ्या दिवशी मी न्हाऊन वर्कशॉपवर आले, तर दारातच अडवलंत. "आता तू हात लाव नको."

शेवटी बेळगावचा मिस्त्री आला. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. त्याने मागचं झाकण उघडलं आणि विचारलं, "मालक, यातले सेल कुणी काढलेत ओ? मशीन सगळं विसरलंय." त्या क्षणी मला कठडा आठवला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हालाही आठवलं होतं, हे मला स्वच्छ दिसलं. आणि तुम्ही ते लेकीवर ढकलत म्हणालात, "आमच्या चेडवान काढले आसतले. तिका सगळ्यात हात घालूची सवय."

त्याने नवे सेल घातले, दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावरून आकडे भरले आणि संध्याकाळी मशीन चालू झालं. त्यावर भाऊ बसला. मी वास्कोकडच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि परक्यांची मशीनं चालवत आयुष्य काढलं. तुमच्या मशीनवर मी एकही भाग कापला नाही. लोक विचारायचे, बापाचं वर्कशॉप असताना इथे कशी? मी हसून वेळ मारून न्यायची. तुमची अब्रू मी झाकली, आणि माझी तुम्ही चव्हाट्यावर मांडलीत.

हॉस्पिटलमध्ये तुमचे शेवटचे दिवस चालले होते, तेव्हा मी भावाला मुद्दाम चहा आणायला धाडलं होतं. म्हटलं, एकट्या माझ्यासमोर तरी बोलाल. तुम्ही डोळे उघडलेत, पेज मागितलीत. मी भरवली. ओठ पुसून घेतलेत आणि भिंतीकडे तोंड केलंत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर जायचं नाही. पण एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्या मिस्त्रीसमोर नको, नंतर कधीतरी, आईसमोरसुद्धा नको, नुसतं माझ्यापुरतं "सेल मी काढलेले गो" एवढं म्हटलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने डिचोलीला आले असते.